हिवाळ्यातली फेरी आणि रोजचे दोन फोटो

एक गंमत करून बघा. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की कपाटातले जुने फोटो खाली काढा. आल्बम, पाकिटं, मुलीच्या लग्नाची ती जाडजूड वही, सगळं. आणि त्यात स्वतःला शोधा. तुमच्या लग्नातले फोटो सोडून द्या; तिथं तुम्ही नवरी होतात, तुम्हाला टाळून चालणारच नव्हतं. त्यानंतरचे बघा. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला बाळ आहे, सासूबाई आहेत, यजमान आहेत; तुमचा फक्त हात दिसतोय, बाळाला मागून धरलेला. सहलीच्या फोटोत सगळे हसताहेत आणि तुम्ही पाठमोऱ्या, डबा उघडताय. बाकी वेळी तुम्ही आत होतात, चहाचं आधण ठेवून.

याची खंत आपल्याला कधी वाटत नाही. वाटते ती दुसऱ्यांना, आणि फार उशिरा. घरातलं वडीलधारं माणूस गेलं, की तेराव्याच्या आधी फोटोची धावपळ सुरू होते. पुरुषाचा एखादा तरी धड फोटो सापडतो. बाईचा सापडत नाही. आधार कार्डावरचा असतो म्हणा, पण तो भिंतीवर लावावा असं कुणालाच वाटत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करतात, शेजारणीचा खांदा पुसून टाकतात, आणि त्या पुसट, अर्धवट मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्याला हार घालतात. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईची एवढीच खूण मागे राहावी?

यावर एक सोपा, बिनखर्चाचा उपाय सुचवते. थंडीचे तीन महिने, रोज सकाळी, तुम्ही आणि तुमचे यजमान अर्धा-पाऊण तास फिरायला जा, आणि येताना दोन फोटो घेऊन या. एक तुम्ही त्यांचा काढलेला, एक त्यांनी तुमचा काढलेला. बाकी झाडं, पाखरं, शेतं यांचे हवे तेवढे काढा, पण हे दोन चुकवायचे नाहीत.

लोक काय म्हणतील?

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे पुण्या-मुंबईच्या बागेत ठीक आहे; आमच्याकडे कसं जमायचं? म्हणून मी राहते त्या वडीगोद्रीचंच सांगते. जालना जिल्हा, अंबड तालुका. धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचं गाव. एका बाजूला छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्या बाजूला शहागडला गोदावरी ओलांडली की बीडची वाट. अंबडहून येणारा जालन्याचा रस्ताही इथंच मिळतो. म्हणजे सतत ये-जा, हॉटेलं, फाट्यावर उभी माणसं. अशा ठिकाणी साठीची बाई नवऱ्याबरोबर फिरायला निघाली की चार डोळे वळणारच.

आपली खोड अशी, की लग्नाला गेलो तरी नवरा दहा पावलं पुढं आणि आपण मागं, पदर सावरत. तरुणपणी सासूसासऱ्यांची मर्यादा होती, मग मुलं कडेवर होती, मग हातात पिशव्या. आता मुलं नोकरीला गेली, मुली सासरी गेल्या, घरात दोनच ताटं. तरी चालायची सवय तशीच राहिली, एक पुढं नि एक मागं. घरात तरी बोलणं काय होतं? गोळी घेतली का, लाइट बिल भरलं का, दूध आलं का. एवढ्यावर दिवस संपतो.

लोकांचं म्हणाल तर लोक आठ दिवस बघतात. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारतं, "काय काकू, दवाखान्यात निघालात का?" हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, "निघालो जरा फिरायला," असं हसून सांगायचं. नवव्या दिवशी तीच बाई, "आज उशीर केलात," म्हणते. आणि फोटोचं म्हणाल तर हातात फोन असणं हे हल्ली कुणालाच नवं नाही. उलट फोन हातात असला की चालण्याला एक निमित्त मिळतं. नुसतं फिरायला जाऊ म्हटलं तर यजमान पेपर उघडून बसतात. "अहो, काल त्या बांधावर निळं पाखरू बसलं होतं, आज असेल का बघू," म्हटलं की चपला घालतात.

आपल्याकडचा बर्फ

परदेशी कॅलेंडरवर तुम्ही पाहिलं असेल, आजी-आजोबा बर्फातून चाललेत, अंगावर जाड कोट, हातात कॅमेरा. आपल्याकडे बर्फ कुठला? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडे किंवा सातपुड्यात एखाद्या पहाटे दव गोठलं, की लगेच वर्तमानपत्रात फोटो येतो. महाराष्ट्राची बर्फाची हौस तेवढ्यावरच भागते.

पण जरा डोळे उघडे ठेवून चाललं तर मराठवाड्यातही पांढऱ्याची कमतरता नाही. नोव्हेंबरात, डिसेंबरात वेचणीला आलेलं कापसाचं रान सकाळच्या उन्हात बघा. जालना जिल्हा कापसाचाच. बोंडं फुटली की काळ्या मातीवर बर्फ पडल्यासारखं दिसतं. मग धुई. तुरीच्या फुलाला ती वाईट, म्हणून शेतकरी तिला शिव्या देतो. पण कालव्याच्या कडेची बाभळ त्या धुईत अशी उभी असते की बघत राहावं. डिसेंबरात ताण दिलेल्या मोसंबीला जानेवारीत पाणी मिळतं आणि थोड्या दिवसांनी बाग पांढऱ्या फुलांनी भरते. फोटोत वास येत नाही, एवढंच.

जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं आणि त्याचा डावा कालवा अंबड तालुक्यातून परभणीकडे गेला. त्या पाण्यानं इथलं शिवार बदललं. ऊस आला, बागा आल्या. हिवाळ्यात अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याकडे उसाची वाहनं चाललेली असतात. पैठणला जमलं तर एक दिवस खास जाऊन या. नाथसागरावर थंडीत लांबून पाखरं येतात, पट्टकदंब, चक्रवाक, आणि नशीब असेल तर रोहितही. १९८६ पासून तो भाग पक्षी अभयारण्य आहे. दुपारचा डबा बांधून नेला की सहलीची सहल होते.

एक पांढरं मात्र कुणाच्या वाट्याला येऊ नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा मराठवाड्यात कितीतरी शिवारं खरोखरच बर्फासारखी पांढरी झाली होती. गहू झोपला, फळं गळून पडली. त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या कितीतरी मोसंबी बागा वाळल्या आणि तोडाव्या लागल्या. ज्या बागेत मुलं लहानाची मोठी झाली त्या बागेचा एकही फोटो घरात नाही, असं किती घरांत असेल! म्हणून सांगते, आज जे हिरवं दिसतंय त्याचाही फोटो असू द्या. विहिरीचा, गोठ्याचा, बांधावरच्या चिंचेचा. रस्ता रुंद होतो, वाटण्या होतात, झाड जातं. फोटो राहतो.

आणि हो, फोटो ही आता नुसती हौस राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि त्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढते. कितीतरी घरांत हे काम शहरातला मुलगा येईपर्यंत अडून राहतं. सकाळच्या फेरीत ज्या बाईचा हात फोनवर बसला, तिला हे काम का जमू नये?

कॅमेरा कुणाच्या हातात?

आपल्या घरात कॅमेरा आला तो यजमानांचा म्हणून. आग्फा क्लिक थ्री आठवतो? एका रोलमध्ये बारा फोटो. बायकांनी हात लावला की, "अगं, रोल वाया जाईल!" असं ऐकावं लागे. पुढं हॉटशॉट आला, छत्तीस फोटो मिळू लागले, पण हात त्यांचाच. आपण समोर उभं राहायचं, तेही मुलांना धरून.

खरं म्हणजे या कलेत बायका पहिल्यापासून आहेत, फक्त नाव मागं राहिलं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्यासाठी फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, फिल्म धुवायची ही कामं सरस्वतीबाई फाळके शिकल्या, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या फोटो काढायला माणेकशांकडून शिकल्या. पुढं त्यांच्याशीच लग्न झालं. होमाईंनी काढलेले सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावानं, कारण बाईला कोण ओळखत होतं? पुढं त्यांनी पंडित नेहरूंचे, स्वातंत्र्याच्या सोहळ्याचे फोटो काढले, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. शिकवणारा नवराच होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तेव्हा यजमानांकडून शिकायला लाजू नका. आणि त्यांना येत नसेल तर दोघं मिळून शिका; नातवंडं एका दुपारी शिकवतील.

फोटो नीट कसा यावा?

महागडा फोन लागत नाही. या साध्या गोष्टी पाळा.

आधी फोनची काच पुसा. आपला फोन पिठाच्या, तेलाच्या हातांत फिरतो. निम्मे धुरकट फोटो त्यामुळेच येतात. मऊ सुती पदर चालतो.

फोन दोन्ही हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, आणि बटण दाबताना श्वास क्षणभर थांबवा. सुईत दोरा ओवताना थांबवतो तसा.

दोन बोटांनी चित्र मोठं करू नका. चार पावलं पुढं जा. माणसाचा फोटो असेल तर चेहरा दिसायला हवा. ताजमहालाएवढी जागा आभाळाला आणि मुंगीएवढा नवरा, असं नको.

सकाळचं ऊन कोवळं, तिरकं असतं. ते चेहऱ्यावर बाजूनं पडू द्या. दहानंतर ऊन डोक्यावर चढलं की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि सगळेच आजारी दिसतात.

पांढरं रान असेल तर कॅमेरा फसतो. कापूस असो, धुई असो की खरा बर्फ. इतकं पांढरं बघून त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळपट करतो. अशा वेळी फोनच्या पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. सूर्याचं छोटं चिन्ह दिसलं तर ते वर सरकवून उजेड थोडा वाढवा.

धुईत लांबचं काही येत नाही. जवळ एखादी गडद वस्तू घ्या, बाभळीचं खोड, बैलगाडी, डोक्यावर घोंगडं घेतलेला माणूस. मागची धुई आपोआप शोभून दिसते. गवतावरच्या जाळ्यात दव अडकलेलं असतं. खाली वाकून बघा. गुडघे दुखत असतील तर यजमानांना वाकवा!

आणि एक महत्त्वाचं. ऊस तोडायला आलेल्या मंडळींच्या कोप्या वाटेत लागतात. चूल पेटलेली, लेकरं उन्हाला बसलेली. फोटो काढायचा मोह होतो. न विचारता काढू नका. आपल्या स्वयंपाकघरात कुणी असा डोकावून फोटो काढला तर आपल्याला चालेल का? विचारा, चार शब्द बोला, काढलेला दाखवा, आणि जमलं तर छापून नेऊन द्या. तिच्याही आल्बममध्ये ती बहुधा नसेलच.

तब्येत सांभाळून

साठीच्या पुढं पहाटे पाचची हौस नको. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच निघावं. जानेवारीत इकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतर निघा. कानटोपी, मफलर, स्वेटर. बायकांनी साडीवर नुसती शाल न घेता आत पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालावा आणि पायात मोजे, बूट. साडीवर बूट बरे दिसत नाहीत हे खरं, पण पाय मुरगळलेला त्याहून बरा दिसत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी जाऊ नका, आणि खडीसाखर जवळ असू द्या. दमा असेल तर धुई विरल्यावर निघा, नाकाला रुमाल बांधा.

हमरस्त्यावर अजिबात चालू नका. धुईत ट्रकवाल्याला आपण दिसत नाही, आणि फोटोच्या नादात आपल्याला ट्रक दिसत नाही. पाणंदीची वाट धरा. कालव्याच्या अगदी काठाला जाऊन, मागं सरकत फोटो घेणं तर कटाक्षानं टाळा. आधी थांबायचं, मग फोन काढायचा. चालता चालता फोटो नाही.

मुलांकडे बर्फात गेलात तर

हल्ली लहान गावांतले आईवडीलही मुलाकडे अमेरिकेला, कॅनडाला जाऊन चार-सहा महिने राहतात. बहुतेक वेळा सुनेच्या बाळंतपणासाठी, आणि ते नेमकं थंडीत येतं! तिथं गाडी चालवता येत नाही, शेजारी बोलत नाहीत, डिसेंबरात न्यूयॉर्ककडे साडेचारलाच सूर्य मावळतो. मुलगा-सून कामावर गेले की दोघांना घर खायला उठतं. फेरीची आणि फोटोची सवय इथूनच नेली असेल तर तिथले दिवस सुसह्य होतात.

पण बर्फात चालणं वेगळं. पावलं आखूड, सपाट टाकायची, टाच आपटायची नाही. रस्त्यावर काचेसारखा पातळ थर असतो तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावरच माणसं पडतात. हात खिशात घालून चालू नका, तोल सावरायला मोकळे ठेवा. एकावर एक कपडे घाला. ऊन असेल तर काळा चष्मा लावा, कारण बर्फावरून उजेड उलटून डोळ्यांवर येतो. गारठ्यात फोनची बॅटरी झटकन उतरते. तो कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि घरात शिरण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून अर्धा तास तसाच राहू द्या, नाहीतर ऊब लागून आत पाणी धरतं. फोटोसाठी तुमची ती कुंकवाच्या रंगाची शाल नक्की न्या. पांढऱ्यावर तिच्यासारखं काही खुलत नाही.

या बर्फाच्या फोटोंचं वेड एका शेतकऱ्यालाही लागलं होतं. अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये विल्सन बेंटले म्हणून होता. आईनं त्याला सूक्ष्मदर्शक दिला, आणि १८८५ साली त्यानं बर्फाच्या एका कणाचा फोटो घेतला. पुढं शेती सांभाळून जन्मभरात पाच हजारांवर फोटो काढले. गावाला तो खुळा वाटे. लोक काय म्हणतील हा प्रश्न तिथंही होताच!

काढलेले फोटो ठेवायचे कसे?

फोन पडतो, पाण्यात जातो, चोरीला जातो, आणि त्याच्याबरोबर तीन वर्षांचे फोटो जातात. म्हणून महिन्यातून एकदा, दोघांनी मिळून बसून, दहा फोटो निवडा आणि तालुक्याच्या गावी स्टुडिओत छापून घ्या. छापायला मूळ फोटोच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला कमी प्रतीचा होतो. प्रत्येकाच्या मागे शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं, तारीख आणि जागा लिहा. 'कालव्याजवळ, धुई होती, ह्यांनी काढला.' एवढं पुरे. पन्नास वर्षांनी नातीला ते वाचायला मिळेल.

निवडताना एक जपा. आपण स्वतःचा फोटो बघतो आणि म्हणतो, "शी, किती जाड दिसतेय," नाहीतर, "केस बघा किती पांढरे झालेत," आणि पुसून टाकतो. पुसू नका. ज्यानं तो काढला त्यानं तुम्हाला त्या क्षणी तसं पाहिलं आणि पाहावंसं वाटलं म्हणून काढला. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपल्याकडे थांबून, एक डोळा मिटून, "जरा इकडं बघ," म्हणून पाहिलंय असं किती वेळा झालं? आणि आपण तरी त्यांच्याकडे कधी असं निवांत पाहिलं? फोटोच्या निमित्तानं कळतं, की त्यांच्या खांद्याला आता बाक आलाय, आणि हसताना अजून तीच खळी पडते.

दिवाळीचा फराळ संपत आला की थंडी पडायला लागते. तेवढ्यात यजमानांचा स्वेटर उन्हात टाका, तुमचे बूट शोधून ठेवा, आणि रात्री जेवताना सहज विषय काढा. पहिल्या दिवशी ते नाही म्हणतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्याच फाट्यापर्यंत जाऊन एक चांगला फोटो काढून आणा आणि चहाबरोबर दाखवा. तिसऱ्या दिवशी बघा, दाराशी चपला घालून कोण उभं असतं ते!